दुधाची पावती शेजाऱ्याच्या फोनवर: पुश नोटिफिकेशनची नोंदणी नक्की होते कुणाची?

धारोष्ण | सोमवार, रात्री १०:४०

मंडळी, मदत हवी आहे. जरा लांबण लागेल, पण प्रसंगच तसा आहे.

आमच्या गावातल्या दूध संकलन केंद्रासाठी मी एक अँड्रॉइड ॲप केलंय. ३४० उत्पादक, दिवसातून दोनदा संकलन. पूर्वी काट्यावर दूध मोजून फॅट लागली की उत्पादकाला एसएमएस जायचा. म्हणजे महिन्याला वीस हजारांच्या वर एसएमएस. त्यात मराठी एसएमएस ७० अक्षरांपुढे गेला की दोन धरतात, आणि मजकुरात एक शब्द बदलायचा तरी डीएलटीवर (व्यावसायिक एसएमएसच्या नोंदणीची यंत्रणा) नवा टेम्प्लेट मंजूर करून घ्या. सेक्रेटरी वैतागले आणि म्हणाले, "तू कॉम्प्युटर शिकलायस ना, कर काहीतरी." मग फायरबेसचं एफसीएम (गूगलची निरोप पोचवणारी सेवा) वापरून पुश नोटिफिकेशन सुरू केली. सर्व्हर पीएचपीचा.

दोन भानगडी आहेत.

पहिली: साधारण चाळीसेक जणांना पावती येतच नाही. काहींना सुरुवातीला येत होती, मग बंद झाली.

दुसरी भयंकर. परवा संध्याकाळी एका उत्पादकाची पावती दुसऱ्याच्याच फोनवर गेली. "फॅट ३.०, एसएनएफ ७.९" (एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ). गाईच्या दुधाचा दर ३.५ आणि ८.५ ला धरतात हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. दुसरा गडी तो फोन घेऊन पारावर गेला आणि चारचौघांत वाचून दाखवला. "पाणी घालतोस काय" वरून सुरू झालं ते गचांडी धरेपर्यंत गेलं. आज सकाळी ज्याची पावती होती तो किटली घेऊन आला आणि दूध न घालता मला दहा मिनिटं बोलून परत गेला.

माझ्या टेबलात दोन कॉलम आहेत: उत्पादक क्रमांक आणि टोकन (निरोप पाठवायला एफसीएम देतं तो पत्ता). उत्पादक क्रमांक युनिक, म्हणजे एक क्रमांक एकदाच. क्रमांक बघून टोकन काढतो, त्यावर पाठवतो. यात दुसऱ्याला जाईलच कसं?

---

अर्धविराम | सोमवार, रात्री ११:०५

तीन प्रश्न. टोकन सर्व्हरला कधी पाठवता? लॉगआउट केल्यावर काय होतं? आणि त्या दोघांपैकी कुणी अलीकडे फोन बदललाय का?

---

धारोष्ण | सोमवार, रात्री ११:१८

लॉगिन झालं की एकदा पाठवतो. लॉगआउटला ॲपमधलं सेशन पुसतो, बाकी काही नाही. फोनचं उद्या विचारतो, आज त्यांच्या दारात जायची सोय नाही.

---

सह्यकडा | सोमवार, रात्री ११:३०

ॲपचा एसएचए-१ फिंगरप्रिंट (ॲपच्या सहीची खूण) फायरबेसमध्ये टाकलाय का? तो नसला तर नोटिफिकेशनमध्ये अशीच गडबड होते.

---

बे_एके_बे | मंगळवार, सकाळी ७:१०

सह्यकडा, नाही हो. एसएचए-१ गूगल साइन-इन वगैरेला लागतो, एफसीएमला त्याची गरज नाही. हा गैरसमज इतका पसरलाय की लोक पुशची कुठलीही अडचण आली की आधी फिंगरप्रिंट बदलत बसतात.

धारोष्ण, तुमची चूक काय असणार याचा अंदाज आलाय, पण आधी नोंदणी कशी होते ते मांडतो. तुम्ही ज्याला नोंदणी म्हणताय त्या खरं तर तीन वेगवेगळ्या नोंदण्या आहेत आणि शेवटची तुमच्यासाठी कुणीच करत नाही.

पहिली ॲपची. फायरबेस कन्सोलमध्ये प्रोजेक्ट उघडायचा, ॲपचं पॅकेज नाव द्यायचं, गूगल-सर्व्हिसेस नावाची जेसन फाइल घेऊन ॲपमध्ये ठेवायची. हे जन्मात एकदाच. पॅकेज नावात एका अक्षराचा फरक पडला तर बिल्डच होत नाही, म्हणजे इथे चूक लगेच कळते.

दुसरी फोनची. ॲप पहिल्यांदा उघडलं की एफसीएमची लायब्ररी गूगलच्या सर्व्हरशी बोलते आणि एक लांबलचक टोकन मिळतं. गूगल प्ले सर्व्हिसेस फोनवर सगळ्या ॲपांसाठी मिळून एकच जोडणी उघडी ठेवते, आणि आलेला निरोप कुठल्या ॲपचा हे या टोकनावरून ठरतं. हेही आपोआप होतं.

तिसरी तुमच्या सर्व्हरवरची: हे टोकन म्हणजे अमुक उत्पादक, असं लिहून ठेवणं. गूगलला तुमचा उत्पादक क्रमांक माहीत नाही आणि त्याला त्याच्याशी देणंघेणंही नाही.

आता गोम. टोकन माणसाचं नसतं. त्या फोनवर, त्या वेळी इन्स्टॉल असलेल्या ॲपचं असतं. तुमच्याच भाषेत सांगायचं तर तो किटलीवर पंचानं ठोकलेला नंबर आहे. किटली उद्या भावाला दिली तर नंबर किटलीबरोबर जातो, तुमच्या गोठ्यात राहत नाही. लॉगआउट करून दुसऱ्या माणसानं लॉगिन केलं तरी टोकन तेच राहतं. उलट माणूस तोच असून ॲप काढून परत टाकलं, ॲपचा डेटा पुसला किंवा नव्या फोनवर बॅकअपमधून ॲप आणलं, की टोकन नवं.

तुमच्या टेबलात उत्पादक क्रमांक युनिक आहे. टोकन युनिक आहे का?

---

धारोष्ण | मंगळवार, सकाळी ७:४५

नाही!! थांबा. काट्यावर गर्दी आहे, दुपारी बघतो.

---

मुक्काम_पोस्ट_बे_एरिया | मंगळवार, सकाळी ८:२०

किटलीचा दृष्टांत जबरी.

अवांतर: ॲपलकडेही हीच कथा. त्यांची पुश सेवा २००९ साली आयफोनच्या सिस्टिमच्या तिसऱ्या आवृत्तीबरोबर आली. गूगलची नावं मात्र बदलत गेली, आधी सी२डीएम, २०१२ मध्ये जीसीएम, २०१६ मध्ये एफसीएम. टोकनाची कल्पना दोन्हीकडे एकच.

टोकन हे आतून न बघता जसंच्या तसं साठवायचं, याचा मला चांगलाच धडा मिळालाय. आयफोनमध्ये टोकन बाइट्सच्या रूपात मिळतं. आम्ही त्या वस्तूचं 'वर्णन' छापून त्यातले कंस आणि मोकळ्या जागा काढायचो, की टोकनाचं आकडे-अक्षरांतलं (हेक्स) रूप मिळायचं. त्या काळी सगळेच असं करायचे. २०१९ मध्ये आयओएस १३ आलं आणि ते वर्णन छापण्याची पद्धतच बदलली. आमच्या सर्व्हरवर टोकनाऐवजी "लेंग्थ ३२, बाइट्स" असली अक्षरं जमा व्हायला लागली. दोन दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण नोटिफिकेशन आली नाही तर तक्रार कोण करणार? न आलेली गोष्ट दिसतच नाही.

---

धारोष्ण | मंगळवार, दुपारी २:५०

सापडलं. बे एके बे, तुमच्या तोंडात साखर.

ज्याची पावती होती त्यांना आपण थोरले म्हणू. थोरल्यांनी दिवाळीत नवा फोन घेतला आणि जुना शेजाऱ्याला चार हजाराला विकला. रीसेट वगैरे काही नाही, फोटो तेवढे पोरानं काढून घेतले. शेजाऱ्याकडे आधी बटणांचा फोन होता, म्हणजे ॲपवर तो पहिल्यांदाच आला. त्यानं माझ्या ॲपमध्ये थोरल्यांचं लॉगआउट केलं आणि स्वतःच्या नंबरानं लॉगिन केलं. टोकन तेच. आता टेबलात दोन ओळी, दोन उत्पादक क्रमांक आणि दोन्हींसमोर अक्षरशः एकच टोकन. म्हणजे शेजाऱ्याला दिवाळीपासून दोघांच्या पावत्या जात होत्या! तो म्हणतो, "मला वाटलं सगळ्यांना सगळ्यांच्या येतात."

आणि थोरल्यांना नव्या फोनवर काहीच येत नव्हतं, कारण माझी क्वेरी 'इन्सर्ट इग्नोर' होती. क्रमांक आधीच टेबलात आहे म्हणून नवं टोकन गुपचूप फेकून देत होती. त्यांना वाटलं ॲप बंद पडलं, म्हणून त्यांनी काही सांगितलंच नाही.

त्या चाळीस जणांपैकी बरेच असेच निघणार. टोकन बदललं की लायब्ररी ऑन-न्यू-टोकन हे फंक्शन हाक मारून सांगते म्हणे. माझ्या कोडमध्ये ते होतं. आत एकच ओळ, ट्युटोरियलमधून चिकटवलेली कॉमेंट: "गरज वाटल्यास इथून टोकन सर्व्हरला पाठवा". मला गरज वाटली नव्हती.

---

बे_एके_बे | मंगळवार, दुपारी ३:३०

हाहाहा. ती कॉमेंट अर्ध्या देशाच्या कोडमध्ये आहे.

आता दुरुस्ती. टेबल उलटं करा. टोकन ही मुख्य किल्ली, त्यासमोर उत्पादक क्रमांक आणि शेवटचं कधी दिसलं ती तारीख. एका टोकनाला एकच उत्पादक, पण एका उत्पादकाला कितीही टोकनं. बापाच्या आणि लेकाच्या दोघांच्या फोनवर पावती गेली तर बिघडत नाही. 'इन्सर्ट इग्नोर' काढा. टोकन आधीच असेल तर त्यासमोरचा क्रमांक आणि तारीख बदला.

टोकन लॉगिनला पाठवा, ऑन-न्यू-टोकनमध्ये पाठवा, आणि ॲप उघडेल तेव्हाही पाठवा. दिवसातून एकदा पुरे.

लॉगआउटला आधी सर्व्हरवरची ओळ उडवा, मग फोनवर डिलीट-टोकन करा. त्यानंतरच सेशन.

---

खडीसाखर | मंगळवार, सायंकाळी ५:१५

आणि लॉगआउटच्या वेळी नेट नसेल तर? गोठ्यात रेंज नसते हे मी वेगळं सांगायला नको. सर्व्हरवरची ओळ उडणार नाही आणि डिलीट-टोकनही होणार नाही, त्यालाही नेट लागतं.

माझं म्हणणं, फॅट आणि पैसे नोटिफिकेशनच्या मजकुरात घालूच नका. फोन घरात चार जण हाताळतात आणि कुलूप लावलेल्या पडद्यावरही ते दिसतं. एफसीएममध्ये दोन प्रकारचे निरोप जातात. 'नोटिफिकेशन' प्रकारचा पाठवला आणि ॲप मागे असलं, तर सिस्टिम तो परस्पर दाखवून मोकळी होते, तुमच्या कोडला विचारतही नाही. नुसता 'डेटा' प्रकारचा पाठवला तर तो आधी तुमच्या कोडच्या हातात येतो. मग त्यात उत्पादक क्रमांक घाला, फोनवर आत्ता कोण लॉगिन आहे त्याच्याशी ताडून बघा, जुळला तरच "आजची पावती आली" एवढंच दाखवा आणि आकडे ॲपमध्ये. प्राधान्य 'हाय' ठेवा, नाहीतर फोन बराच वेळ पडून असला की डोझमध्ये (अँड्रॉइडच्या बॅटरी वाचवणाऱ्या झोपेत) निरोप अडकतो. पण हाय पाठवून काहीच दाखवलं नाही, असं वारंवार झालं तर गूगल ते प्राधान्य खाली आणू शकतं.

आयफोनवर मात्र नुसत्या डेटाच्या भरवशावर राहू नका. मागे चालणाऱ्या निरोपांना तिथे हात आखडता असतो. तिथे सरळ बिनआकड्यांची सूचना पाठवा.

---

सह्यकडा | मंगळवार, रात्री ९:००

एसएचए-१ बद्दल माघार. पण माझंही एक गाऱ्हाणं ऐका. मुलीच्या शाळेच्या बसचं ॲप आहे, बस कोपऱ्यावर आली की टिंग वाजायचं. २०२४ च्या पावसाळ्यात ते अचानक बंद पडलं. बनवणारा म्हणतो, "आम्ही काहीच बदललं नाही." तीन आठवडे आम्ही पालक छत्र्या घेऊन कोपऱ्यावर.

---

बे_एके_बे | मंगळवार, रात्री ९:२०

काहीच बदललं नाही, म्हणूनच बंद पडलं. एफसीएमचा जुना रस्ता, तो एक कायमची 'सर्व्हर की' हेडरमध्ये घालून पाठवायचा, गूगलनं जून २०२३ मध्ये कालबाह्य ठरवला आणि जुलै २०२४ पासून बंद करायला घेतला. नेटवरचे निम्मे पीएचपी नमुने अजून त्याच रस्त्याचे आहेत. आता नवा रस्ता एचटीटीपी व्ही-१. सर्व्हिस अकाउंटच्या (सर्व्हरसाठीच्या गूगल खात्याच्या) किल्लीवरून तासाभरापुरतं ॲक्सेस टोकन घ्यायचं आणि ते घालून पाठवायचं. हे टोकन वेगळं आणि फोनचं टोकन वेगळं, नाव सारखं म्हणून घोटाळा करू नका.

धारोष्ण, ती सर्व्हिस अकाउंटची फाइल फक्त सर्व्हरवर. ॲपच्या आत नाही, गिटहबवर नाही, सेक्रेटरींच्या व्हॉट्सॲपवर तर नाहीच. ती ज्याच्या हाती लागेल तो तुमच्या नावानं ३४० जणांना काहीही पाठवू शकतो.

---

धारोष्ण | बुधवार, दुपारी १:१०

व्ही-१ वरच आहे, सुदैवानं उशिरा शिकलो. फाइल व्हॉट्सॲपवर टाकली होती, ती आज रद्द करून नवी किल्ली काढली. हसू नका.

नवं टेबल झालं, रात्री सगळं चढवलं. चाळीसपैकी सव्वीस जण सकाळी ॲप उघडताच आपोआप सुरळीत झाले. बाकीच्या चौदा जणांचे फोन काट्यावर एकेक करून बघितले:

सहा जणांच्या फोनला अँड्रॉइड १३ किंवा पुढचं. तिथे नोटिफिकेशनची परवानगी वेगळी मागावी लागते. माझं ॲप ती उघडल्या उघडल्या मागत होतं आणि या लोकांनी "परवानगी द्यायची का" म्हटल्यावर सवयीनं "नको" दाबलं होतं. परवानगी म्हटलं की बँकेतले पैसे जातील असं वाटतं. आता लॉगिन झाल्यावर आधी मराठीत विचारतो, "पावती आली की कळवू का?" आणि हो म्हटलं तरच सिस्टिमचा प्रश्न पुढे करतो. दोनदा नको म्हटलेल्यांना सेटिंगमध्ये जाऊन हातानं चालू करून दिली.

पाच जणांना पावती येत होती, पण आवाज नव्हता. नोटिफिकेशनचं चॅनल (अँड्रॉइडमधला सूचनांचा गट, आवाज वगैरे त्यावरून ठरतो) करताना मी महत्त्व 'लो' ठेवलं होतं. कोडमध्ये 'हाय' केलं, नवी आवृत्ती टाकली, तरी ढिम्म. तासभर डोकं आपटलं.

तीन जणांचं कोडं सुटत नाही. सर्व्हरला यशस्वी असा निरोप येतो, फोनवर शांतता.

---

अर्धविराम | बुधवार, दुपारी २:००

चॅनल एकदा तयार झालं की त्याचं महत्त्व ॲपला वाढवता येत नाही, ते वापरणाऱ्याच्या मालकीचं होतं. अँड्रॉइड ८ पासून हा नियम आहे. वेगळ्या आयडीचं नवं चॅनल करा, जुनं पुसा.

यशस्वी म्हणजे "गूगलनं निरोप स्वीकारला" एवढंच. टपाल पेटीत टाकलं याची ती पोच, पोस्टमन दारात गेला याची नाही. त्या तिघांच्या फोनमध्ये 'बॅटरी वाचवा' किंवा 'ऑटोस्टार्ट' असं काही आहे का बघा. काही कंपन्यांचे फोन ॲप अलीकडच्या यादीतून सरकवून टाकलं की ते सक्तीनं थांबवतात. तसं थांबवलेलं ॲप माणूस स्वतः उघडेपर्यंत एफसीएमचे निरोप घेत नाही.

---

खडीसाखर | बुधवार, दुपारी ४:४०

दोन गोष्टी राहिल्या.

एक, निरोपाचं आयुष्य. काही सांगितलं नाही तर एफसीएम न पोचलेला निरोप चार आठवड्यांपर्यंत धरून ठेवतं. पावतीला चालेल. पण "आज संध्याकाळी टेम्पो येणार नाही" हा निरोप फोन बंद असलेल्याला परवा मिळाला तर तो परवा दूध घालायला येणार नाही. असल्या निरोपाला सहा तासांचं, म्हणजे २१६०० सेकंदांचं आयुष्य द्या.

दुसरं, दहा दिवसांचं अख्खं बिल पुशमध्ये कोंबायचा मोह होईल. मर्यादा ४०९६ बाइट्स आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट्स खातं. 'दूध' हा इवलासा शब्द नऊ बाइट्सचा. त्यात पीएचपीचं जेसन-एन्कोड काही सांगितलं नाही तर प्रत्येक चिन्हाचं 'उलटी तिरकी रेघ, यू आणि चार आकडे' असं सहा अक्षरी रूप करतं. तेच दूध अठरा बाइट्सचं होतं, न घालता पाणी. 'अनएस्केप्ड युनिकोड'चा पर्याय द्या.

---

मुक्काम_पोस्ट_बे_एरिया | बुधवार, रात्री ८:०५

"न घालता पाणी" :)

ॲपलची मर्यादा सुरुवातीला २५६ बाइट्स होती. मराठीत पंच्याऐंशी चिन्हं, तीही जेसनचे कंस धरून. आता तिथेही ४ केबी.

आयफोनचं करणार असाल तर ॲपलच्या खात्यातून पी-८ किल्ली (पुश पाठवायच्या परवानगीची फाइल) काढून फायरबेसला द्या. ती फाइल एकदाच उतरवता येते, हरवली तर नवीच काढावी लागते. पण जुन्या सर्टिफिकेटसारखी वर्षानं संपत नाही. टेस्टिंगचं टोकन सँडबॉक्समध्येच (चाचणीच्या सर्व्हरवर) चालतं आणि दुकानातल्या ॲपचं प्रॉडक्शनमध्ये. स्वतःच्या सर्व्हरवरून थेट पाठवायला गेलात आणि दोन्हींची सरमिसळ केलीत, तर "टोकन चुकीचं" एवढंच उत्तर मिळतं.

---

नीलमोहर | गुरुवार, सकाळी ६:५०

वाखुसा (वाचनखूण साठवली). एक शंका: मेलेली टोकनं कशी ओळखायची? माझ्या भजनी मंडळाच्या ॲपमध्ये माणसं साठ आणि टोकनं दोनशे दहा.

---

बे_एके_बे | गुरुवार, सकाळी ७:३०

पाठवल्यावर ४०४ आणि 'अनरजिस्टर्ड' असं उत्तर आलं की ती ओळ तिथल्या तिथे उडवा. ॲप काढून टाकलेल्यांची अशी गळतात. जे फोन कपाटात पडलेत त्यांची लगेच कळत नाहीत. २७० दिवस हालचाल नसली की गूगल अँड्रॉइडचं टोकन बाद करतं, पण तोवर थांबू नका. त्यासाठीच तारखेचा कॉलम. महिनाभर ॲप न उघडलेल्यांना वेगळं काढा आणि कार्तिकीच्या भजनाला विचारा, फोन बदलला का म्हणून.

---

धारोष्ण | शनिवार, रात्री ९:३५

शेवटचा अहवाल. तिघांपैकी दोघांचं ऑटोस्टार्ट बंद होतं. तिसऱ्याच्या फोनमध्ये नेटचा रिचार्जच नसतो, रात्री पोरगा घरी आला की त्याच्या हॉटस्पॉटवर सगळ्या पावत्या एकदम वाजतात. त्यांच्यासाठी आणि बटणांचे फोन असलेल्यांसाठी एसएमएस चालू ठेवलाय. सेक्रेटरींना पटवायला दोन चहा लागले.

आज संध्याकाळी थोरल्यांकडे स्वतः गेलो. दोन फोन शेजारी ठेवून दाखवलं, की पावती आता नव्यावरच येते आणि पडद्यावर आकडे दिसत नाहीत. तुमची फॅट तुमच्याशिवाय कुणाला कळणार नाही, असं शपथेवर सांगितलं. ते काही बोलले नाहीत. मग काट्यावर आले, दूध घातलं, खिशात टिंग वाजलं. ॲप उघडलं: फॅट ३.६, एसएनएफ ८.६.

फोन घेऊन थेट पारावर गेले.

---

सह्यकडा | शनिवार, रात्री ९:५०

३.६? म्हशीचं मिसळलं की काय? ह.घ्या. (हलकेच घ्या)